वासाची नोंद

शिझुए कुरामोची, वय एकसष्ट.
योदो नदीकाठच्या जलशुद्धीकरण केंद्रात
पाण्याचा वास घ्यायची नोकरी.
न्याहारीला खारवलेला मुळा नाही,
केसांना तेल नाही,
सर्दी झाली तर रजा, मान खाली घालून मागायची.

चंबूत पाणी चाळीस अंशांवर आणायचं,
काचेचं बूच हलकेच उचलायचं
आणि नाक, फक्त नाक, पुढे.
नाकासमोर चालणारी बाई म्हणतात ना,
ती ही. अक्षरशः.

पूर्वीचे उन्हाळे तिनं मला सांगितलेत.
वर बिवा सरोवरात शेवाळ माजायचं
आणि इथे खाली नळाला
ओल्या चटईचा वास यायचा,
वर्षभर न उघडलेल्या कपाटाचा.
तोफूवाला फोनवर शिव्या द्यायचा.
चहाच्या दुकानातली म्हातारी फोन करायची
आणि काहीच न बोलता धरून ठेवायची.
क्लोरीन वाढवला
तर चटई तशीच, वर क्लोरीनचा वास वेगळा.

मग ओझोन आला.
तळघरात, नळ्यांच्या जांभळट उजेडात
ऑक्सिजन जोडीनं शिरतो
आणि तिघं होऊन बाहेर पडतो.
तीन तिगाडा म्हणतात,
इथे सगळं काम त्या तिसऱ्यावर.
त्याला कुठेच करमत नाही.
पाण्यात जे दिसेल त्याला जाऊन भिडतो,
जंतूला, रंगाला, त्या चटईला,
आणि भिडला की संपला.
साठवता येत नाही, टाकीत भरून धाडता येत नाही,
हवा तेव्हा, हवा तिथे करायचा.
थोड्या वेळानं विचाराल तर कोण ओझोन?

आणि नोंदवहीत तिचं टोकदार अक्षर:
वास नाही.
वास नाही.
वास नाही.
चहावाल्या म्हातारीचा फोन बंद झाला.
(ती वारली होती, हे नंतर कळलं.)

गेल्या फेब्रुवारीत, रात्रपाळीला,
तळघरातला पिवळा दिवा फिरू लागला.
कुठलासा सांधा सैल झाला होता.
तात्सुमी नाकाला बाही लावून खोकत वर आला,
माझ्याही घशात ठिणग्यांसारखं काही टोचलं.
आणि खाली, नमुन्याची बाटली हातात धरून
कुरामोचीबाई शांत उभ्या.
"काय झालं?" म्हणाल्या.
मी कोपराला धरून ओढत आणलं त्यांना.

बाहेर पायरीवर बसून
त्या बोटांवर काहीतरी मोजत होत्या.
मे महिन्यात भात करपला होता,
शेजारीण दार ठोठावत आली तेव्हा समजलं.
त्यांना वाटलं होतं, झोप लागली असेल.
मे, जून, जुलै...
"दोनशे दिवस तरी मी खरंच लिहिलं," त्या म्हणाल्या,
"पण पाण्याबद्दल की माझ्याबद्दल,
ते आता कसं सांगू?"

पाणी चांगलंच होतं.
यंत्राचे आकडे रोज वेगळे येतात, ते मी तपासले,
दोनदा. त्यांना दाखवलेही.
आकड्यांकडे त्यांनी
पाहुण्यांच्या फोटोंकडे पाहतात तसं पाहिलं.

सकाळी त्यांनी चंबू माझ्यापुढे सरकवला.
चाळीस अंश. बूच मीच उचललं.
नदी नाही, सरोवर नाही, चटई नाही.
काच आणि ऊब.
"काय?"
"वास नाही."
"नक्की?"

मी पेन उचललं, ठेवलं,
आणि पाठ फिरवून गुपचूप
स्वतःची बाही हुंगली.
आईनं रात्री तळलेला बांगडा.
नियमात न बसणारा, ढळढळीत.
जीव भांड्यात पडला.
मग पुन्हा चंबूकडे वळलो.